पियानो टेक्निशियन व्हायचंय? मग आधी गंधार थोडा चढा लावायला शिका

मिरजेत वाद्यांच्या कामात असलं की हा प्रश्न अधूनमधून येतोच. आमच्या पोराचा कान लई चांगलाय, तंबोरा दोन मिनिटात लावतो, त्याला पियानोचं ट्युनिंग शिकवलं तर पैसे मिळतील का? तर मिळतात, पण कान चांगला असणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि खरं सांगायचं तर मिरजेत तयार झालेला कान असेल तर सुरुवातीला अडचणच होते. ते का, आणि हे काम शिकायचं म्हणजे नेमकं काय काय शिकायचं, ते जरा नीट सांगतो, कारण नेटवर बघितलं तर एक तर नुसत्या पान्याच्या, म्हणजे तारांच्या पिना फिरवायच्या हत्याराच्या, जाहिराती दिसतात नाहीतर सगळं परदेशातलं.

आधी यंत्र समजून घ्या. पियानोला ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, पण तारा मात्र सव्वादोनशेच्या आसपास. कारण अगदी खालच्या खर्जाला एका स्वराला एकच जाड तार असते तांब्याचं वेटोळं घातलेली, त्याच्या वर दोन दोन, आणि मधल्या भागापासून वर टिपेपर्यंत प्रत्येक स्वराला तीन तीन तारा. एकेक तार सरासरी सत्तर-ऐंशी किलोच्या ताणावर ओढलेली असते, म्हणजे सगळ्या मिळून पंधरा ते वीस टन. हा ताण लाकडाला सोसायचा नाही म्हणून आत बिडाची मोठी फ्रेम असते आणि म्हणूनच पियानो उचलायला पाच-सहा माणसं लागतात. तारांच्या मागं स्प्रूस लाकडाचा पातळ साउंडबोर्ड असतो, आपल्या तंबोऱ्याच्या तबलीचं काम तो करतो. आणि पट्टी दाबल्यापासून फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, हॅमर तारेवर आपटून मागं येईपर्यंत मध्ये जे काय लाकडाचं, कातड्याचं, स्प्रिंगचं प्रकरण आहे त्याला ॲक्शन म्हणतात. ही करामत साधारण १७०० च्या सुमाराला इटलीत फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं केली, आणि आजच्या पियानोचे सगळे छोटे-मोठे भाग मोजले तर दहा हजाराच्या वर जातात. आता लक्षात येईल की ट्युनर आणि टेक्निशियन यात फरक का करतात. ट्युनर तारा लावतो, टेक्निशियनला हे सगळंच यावं लागतं.

आता गंधाराची गोष्ट. तंबोरा चांगला लागला, जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घडण) खुली असली की खर्जाच्या तारेतनं न वाजवलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो तारेचा पाचवा हार्मोनिक असतो, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांपैकी एक, निसर्गातनं आलेला, एकदम शांत. मिरजेत वाढलेल्या माणसाच्या कानात हा गंधार बसलेला असतो. पियानोवरचा गंधार त्याच्यापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. चुकून नाही, मुद्दाम.

का ते बघा. सा पासून शुद्ध गंधार घेतला, मग त्या गंधाराला सा धरून त्याचा गंधार घेतला, तो पडतो कोमल धैवताच्या आसपास, मग त्याचाही गंधार घेतला तर तो वरचा सा यायला पाहिजे. पियानोवर पट्ट्या मोजून बघा, बरोबर तीन उड्यांत तार सा येतो. पण तीनही गंधार निसर्गातले घेतले तर शेवटचा सा ४१ सेंट उतरा येतो. आणि सप्तक तर फुटून चालत नाही, ते सगळ्यात आधी कानाला खुपतं. मग ही ४१ ची तूट कुणीतरी भरायची, तर वडिलांचं कर्ज तिघा भावांनी वाटून घ्यावं तशी ती तीन गंधारांत वाटून टाकली, प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचौदा. पंचमाचं असंच उलट्या बाजूनं आहे, तो फक्त दोन सेंट उतरा ठेवावा लागतो, कुणाला कळतही नाही. अशी वाटणी केली की कुठलाही सा धरून वाजवा, सगळीकडं सारखंच थोडं थोडं बेसूर, पण सगळीकडं चालणारं. ह्याला इक्वल टेंपरामेंट म्हणतात.

हार्मोनियमवर आपल्या गवयांची जी जुनी नाराजी आहे ती ह्याच्यावरच. आणि हे भांडण आपल्या गावातलंच आहे बरं का, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० च्या सुमाराला बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांचं, गणित मांडलं, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब त्यांना गाऊन दाखवायला होते, आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुतींची हार्मोनियम करून घेतली. मला विचाराल तर देवलांचं गणित आधी समजून घेतलेल्या पोराला टेंपरामेंट एका दुपारीत समजेल, आणि ज्याला नुसतं ॲप बघून सुई मधोमध आणायची सवय लागलीय त्याला दोन वर्षांनीही समजणार नाही.

म्हणजे कान कसला लागतो? स्वर ओळखणारा नाही. डोळे झाकून हा काळी चार म्हणून सांगता आलं तरी इथं त्याचा काही उपयोग नाही. लागतो तो बीट्स ऐकणारा कान. दोन तारा जवळजवळ सारख्या लागल्या की आवाजाला एक लाट येते, वाँव-वाँव-वाँव. एक तार सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरी ४४१ वर असेल तर सेकंदाला एक लाट. दोन्ही जुळल्या की लाट मरते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना आपण हेच ऐकतो, फक्त तिथं लाट मारायची असते, आणि पियानोत काही ठिकाणी ती मारायची नसून मोजून ठेवायची असते. पियानोच्या मधल्या सी च्या (त्याला सा धरा) खालचा एफ आणि त्या एफ च्या वरचा ए, म्हणजे त्याचा गंधार, एकत्र वाजवला तर सेकंदाला जवळजवळ सात लाटा यायला पाहिजेत. तिथनं एकेक पट्टी वर सरकत गेलं की वेग हळूहळू वाढत जायचा, सात, सव्वासात-साडेसात, पावणेआठ, सव्वाआठ, असा. मध्येच एखादा एकदम पळाला किंवा मागं राहिला तर समजायचं कुठंतरी गडबड आहे. घड्याळ लावून कुणी मोजत नाही, शेजारच्याशी तुलना करत जायचं. त्याच एफ चा वरचा सी म्हणजे त्याचा पंचम, तिथं दोन सेकंदात जेमतेम एक लाट. एका सप्तकात असं सगळं बसवलं की त्याला टेंपरामेंट लावला म्हणतात, मग तिथनं सप्तक सप्तक करत वर आणि खाली नेत जायचं.

इथं अजून एक गंमत आहे. पियानोची तार नुसती तार नाही, ती कडक पोलाद आहे, थोडी सळईसारखी वागते, त्यामुळं तिचे वरचे हार्मोनिक गणितापेक्षा जरा चढे निघतात. मग सप्तकही एकदम दुप्पट लावून चालत नाही, किंचित ताणून लावावं लागतं, वर जाईल तसं जास्त चढं आणि खाली जाईल तसं जास्त उतरं. किती ताणायचं ते प्रत्येक पियानोचं वेगळं, छोट्या पियानोला जास्त, लांब ग्रँडला, म्हणजे आडव्या तारांच्या मोठ्या पियानोला, कमी. म्हणून साधा गिटारचा ट्युनर लावून पियानो लावला की तो कागदावर बरोबर आणि कानाला मेलेला लागतो. पियानोसाठीची वेगळी ॲप आहेत, ट्यूनलॅब, व्हेरिट्युनर वगैरे, ती आधी त्या पियानोच्या तारा ऐकून मग हिशोब करतात, आणि जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग विद्यापीठातनं आलेलं एन्ट्रॉपी ट्युनर तर फुकट आहे. वापरा, माझी काही हरकत नाही, आता मोठमोठे लोक वापरतात. पण युनिसन, म्हणजे एका स्वराच्या तीन तारा एकमेकीला जुळवणं, हे शेवटी कानानंच होतं आणि वाजवणाऱ्याला पहिलं तेच कळतं.

कानाचं झालं. आता मनगटाचं, आणि माझ्या मते खरं शिक्षण ह्याचंच आहे.

तंबोऱ्याची खुंटी लाकडाची, हातानं फिरते, चुकली तर परत फिरवा, शिवाय खाली मणी आहेत बारीक सुधारायला. पियानोत मणी नाहीत. तार गुंडाळलेली असते पोलादाच्या पिनेला, साधारण सात मिलिमीटर जाडीची, ती नुसत्या घर्षणावर एका जाड कडक लाकडी फळीत ठोकून बसवलेली, त्या फळीला पिनब्लॉक म्हणतात. पाना लावून पिन फिरवायला गेलं की आधी पिनेचं वरचं टोक पिळतं, खालचा भाग जागचा हलत नाही. स्वर बदललेला ऐकू येतो, तुम्हाला वाटतं झालं, पाना काढता, आणि पीळ सुटून पिन परत मागं. किंवा त्याहून वाईट म्हणजे तुमच्यासमोर स्वर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी कुणी जोरात वाजवलं की उतरतो. कारण पिनेपासून पहिल्या टेकूपर्यंतच्या तारेच्या तुकड्यात ताण वेगळा आणि पुढच्या वाजणाऱ्या भागात वेगळा राहिलेला असतो. म्हणून किंचित वर न्यायचं, पट्टी जोरात मारायची म्हणजे ताण सगळीकडं सारखा होतो, मग पिनेला खाली बसवायचं. ह्याला पिन सेट करणं म्हणतात. आणि हे सगळं किती जागेत, तर मधल्या भागात एक सेंट बदलायला पिन एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी फिरते. डोळ्याला ते दिसत नाही, ते फक्त तळहाताला कळतं, आणि तळहाताला ते कळायला महिने जातात. धंद्यात म्हणतात हजार पियानो लावल्याशिवाय ट्युनर होत नाही, आकडा कुणी मोजलाय म्हणून नाही, पण का म्हणतात ते पाना हातात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात समजतं. नवशिक्याला एक पियानो लावायला अख्खा दिवस लागतो आणि तरी धड होत नाही, तयार माणूस दीड-दोन तासात उठतो.

म्हणून शिकायचा क्रम उलटा ठेवा. टेंपरामेंटचं गणित मागनं. आधी नुसतं युनिसन. दोन तारांमध्ये फेल्ट किंवा रबराची पाचर घालून एक तार बंद करायची, उरलेल्या दोन जुळवायच्या, मग तिसरी. लाट मेली पाहिजे आणि जोरात दहा वेळा मारल्यावर पण मेलेलीच राहिली पाहिजे. हे रोज तासभर, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावर पण. मग सप्तक. मग टेंपरामेंट.

ट्युनिंगच्या पलीकडचं काम थोडक्यात सांगतो, खरं तर त्यात लपलेलं काम जास्त आहे. रेग्युलेशन म्हणजे ॲक्शनची मापं जुळवणं, पट्टी साधारण १० मिलिमीटर दबली पाहिजे, हॅमर तारेपासनं ४५ मिलिमीटरच्या आसपास मागं बसला पाहिजे, आणि तारेच्या अगदी जवळ, दोन-तीन मिलिमीटरवर आल्यावर त्याची पकड सुटली पाहिजे म्हणजे तो स्वतःच्या झोकानं तारेवर आपटून मागं येतो. ही पकड सुटली नाही तर हॅमर तारेलाच चिकटून बसतो आणि आवाज गुदमरतो. हे एका पट्टीचं, असं ८८ वेळा, आणि सगळ्या पट्ट्या बोटाला सारख्या लागल्या पाहिजेत. व्हॉइसिंग म्हणजे हॅमरच्या फेल्टला सुया टोचून आवाज मऊ करणं, किंवा फेल्ट कडक करून आवाज उघडा करणं. ज्यानं तंबोऱ्याची जवारी काढताना कुणाला बघितलंय त्याला कल्पना येईल, थोडं कमी पडलं तर परत करता येतं, जास्त झालं तर गेलं. ह्याच्यावर तुटलेली तार बदलणं, सैल पिना, फुगून अडकलेल्या पट्ट्या, कसरीनं खाल्लेलं फेल्ट, उंदरांनी केलेली घरटी. शेवटच्या दोन गोष्टी परदेशी पुस्तकात दोन ओळीत असतात, आपल्याकडं निम्मं काम तेच.

आणि हवा. सातारा जिल्ह्यात काम करायचं असेल तर हे पाठच पाहिजे. पाचगणी-महाबळेश्वर भाग म्हणजे जुन्या बोर्डिंग शाळा, चर्च, बंगले, खऱ्या तारांचे पियानो आपल्या भागात मिळाले तर तिथंच. (पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पन्नाशीच्या दशकात फारुख बुलसारा नावाचा पोरगा शिकायला होता, पियानो वाजवायचा, शाळेत बँड पण होता त्यांचा. पुढं क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला.) महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ओल आली की साउंडबोर्ड फुगतो, वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि पियानो चढतो, त्यातही मधला भाग जास्त चढतो आणि खर्ज-टीप कमी, म्हणजे नुसता चढत नाही तर वाकडा चढतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात उलटं. त्यामुळं जुलैमध्ये लावलेला पियानो दिवाळीनंतर परत बेसूर होणारच, त्यात ट्युनरचा दोष नाही, पण हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नाही तर शिव्या ट्युनरलाच. पावसाळा संपून हवा स्थिरावली की, म्हणजे साधारण नोव्हेंबरात, एकदा लावायचा आणि कोरड्या दिवसात एकदा, असं ठरवून घ्यावं. पियानो बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, खिडकीखाली नको, हे सांगणं पण आपल्या कामातच येतं.

वर्षानुवर्षं न लावलेला पियानो कधीकधी एक अख्खा स्वर खाली बसलेला असतो. तो एका दमात वर नेता येत नाही. पुढच्या तारा ओढल्या की साउंडबोर्ड दबतो आणि आधी लावलेल्या परत उतरतात, त्यामुळं पहिल्या फेरीत मुद्दाम थोडं वर नेऊन ठेवायचं, मग दुसरी फेरी, नंतर नीट ट्युनिंग. गंजलेली तार ओढण्याआधी किंचित सैल करायची, गंजाची पकड टक्कन सुटते, मग वर न्यायची. नाहीतर तुटते.

शिकायचं कुठं? अमेरिकेत बॉस्टनच्या नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूलमध्ये ह्याचा पूर्णवेळ कोर्स आहे. जर्मनीत पियानो बनवण्याची साडेतीन वर्षांची उमेदवारी असते, कारखान्यात काम आणि मधनंमधनं शाळा, लुडविग्सबुर्गला त्याची शाळा आहे. जपानमध्ये यामाहाची अकादमी आहे आणि २०११ पासून पियानो ट्युनिंगची सरकारी कौशल्य परीक्षा पण आहे. अमेरिकेतली पियानो टेक्निशियन्स गिल्ड तीन परीक्षा घेते, लेखी, ट्युनिंगची आणि दुरुस्ती-रेग्युलेशनची, तिन्हीत ८० टक्के लागतात, आणि ट्युनिंगमध्ये जाणकारांनी मिळून आधी लावून ठेवलेल्या नमुन्याशी तुमचा एकेक स्वर सेंटमध्ये ताडून बघतात, मधला भाग कानानंच लावायचा, यंत्र बंद. ह्या परीक्षा इथनं द्यायला जायची गरज नाही, पण त्यात काय काय विचारतात ते बघून घ्या, आपला अभ्यासक्रम आयता मिळतो.

आपल्याकडं मात्र हे काम बहुतेक उस्तादाच्या हाताखालीच शिकलं जातं. मुंबईत १८६५ पासूनचं फुर्टाडोज, चेन्नईत १८४२ पासूनचं म्युझी म्युझिकल, अशी जुनी दुकानं, आणि त्यांच्या आसपास वाढलेले, मुंबई-पुणे-गोव्यात फिरून काम करणारे जुने ट्युनर. ते शिकवतात का? काही शिकवतात, काही पाना हातात देत नाहीत, हे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बसून मला वेगळं सांगायला नको. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका म्हणजे आधी घरी युनिसन घोटून जा, म्हणजे उस्ताद तुम्हाला निदान पट्ट्यांचं फेल्ट बदलायला बसवेल. तिथनंच सुरुवात होते.

दृष्टी नसलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांनी हा भाग खास वाचावा. पॅरिसमध्ये १८३० च्या सुमाराला क्लोद माँताल नावाच्या अंध माणसानं स्वतः ट्युनिंग शिकून अंधशाळेत शिकवायला सुरुवात केली आणि पुढं युरोप-अमेरिकेत कितीतरी पिढ्या अंध ट्युनर ह्याच कामावर जगले. सगळं काम कान आणि बोटाचं आहे. आपल्याकडं कुणी ह्याचा गंभीरपणे विचार केलेला मला दिसला नाही, केला पाहिजे.

आता पैशाचं. सांगलीत बसून फक्त पियानोवर पोट भरणार नाही, हे स्पष्ट सांगतो. आपल्याकडं घरात ज्याला पियानो म्हणतात तो दहातला नऊ वेळा डिजिटल असतो, त्याला ट्युनिंगच नसतं. खरे पियानो विखुरलेले, पाचगणीला चार, कोल्हापूरला दोन, पुण्याला बरेच. म्हणून फिरतीची तयारी पाहिजे आणि जोडीला हार्मोनियम पाहिजे. हार्मोनियमची सुरी लावणं वेगळं असतं, सुरीचं टोक घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, पण लाट ऐकायचा कान तोच आणि गिऱ्हाईक गल्लीत आहे. गोवा धरलं तर चर्च आणि जुनी घरं मिळून काम बऱ्यापैकी निघतं. शाळांशी वर्षाचं ठरवून घ्यावं, दोन ट्युनिंग आणि एक रेग्युलेशन, आणि येण्याजाण्याचा खर्च पहिल्या फोनवरच बोलावा, कारण घाट चढून गेल्यावर कुणीच तो विषय काढत नाही.

सरावाला जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो, घ्यायचा असेल तर विकत घेण्याआधी एवढं बघा. पाना लावून आठ-दहा पिना फिरवून बघा, लोण्यासारख्या फिरत असतील तर पिनब्लॉक गेलाय, फुकट दिला तरी घेऊ नका. मागनं टॉर्च मारून वाळवी बघा. बिडाच्या फ्रेमला चीर असेल तर सरळ परत फिरा. साउंडबोर्डला चीर असेल तर घाबरायचं काम नाही, आवाज खरखरत नसेल तर सरावाला चालतं. अपराइट दोनशे किलोच्या आसपास असतो, तेव्हा तळमजल्यावरच ठेवा. आणि घरी आणल्यावर लगेच पाना लावू नका, दोन-तीन आठवडे खोलीची हवा त्याला लागू दे, मग मधल्या सप्तकातली एखादी तीन तारांची पट्टी निवडून पाचर घाला.